कॉक्लियर इम्प्लांट आणि कर्णनाद

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे या लक्षणास कर्णनाद असे म्हणतात. कॉक्लियर इम्प्लांट हे तीव्र किंवा अतितीव्र श्रवणदोष असलेल्या व्यक्तीच्या अंतर्कर्णात शस्त्रक्रियेने बसविले जाणारे विद्युत-उपकरण आहे. त्याचा मूळ हेतू बोलणे ऐकू येणे हा आहे. तथापि ते बसविलेल्या अनेक व्यक्तींचा कर्णनाद कमी होतो, काहींचा पूर्णपणे थांबतो, तर थोड्या व्यक्तींचा वाढतो, असे १९७० च्या दशकापासून आढळून आले आहे. प्रस्तुत लेखात या परिणामाचे स्वरूप, त्यामागील कारणे, त्याच्या मर्यादा आणि मध्य मुंबईतील गिरणगावाच्या संदर्भात त्याचे महत्त्व यांचा परामर्श घेतला आहे.

नाव व व्याप्ती

कर्णनाद हा शब्द प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कर्णनाद, बाधिर्य आणि कर्णक्ष्वेड यांची गणना स्वतंत्रपणे केलेली आहे. आधुनिक वैद्यकात यास टिनिटस ही संज्ञा आहे. बोली मराठीत 'कानात गुणगुणणे', 'कान वाजणे', 'कानात शिट्टी वाजणे', 'कानात रातकिडा बसणे' अशा शब्दांत रुग्ण त्याचे वर्णन करतात. आवाज एकाच कानात, दोन्ही कानांत किंवा डोक्याच्या मध्यभागी भासू शकतो. तो कोणाला शिट्टीसारखा, कोणाला वाफेसारखा, तर कोणाला यंत्राच्या घरघरीसारखा वाटतो.

कर्णनाद हा रोग नसून लक्षण आहे. कानातील मळ, मध्यकर्णाचा विकार, मोठ्या आवाजाने झालेली इजा, काही औषधे, वार्धक्य अशी त्याची अनेक कारणे आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के व्यक्तींना कधी ना कधी कर्णनाद जाणवतो आणि सुमारे २ टक्के व्यक्तींमध्ये तो तीव्र स्वरूपाचा असतो. झोप न लागणे, एकाग्रता भंग पावणे, चिडचिड, चिंता आणि नैराश्य हे त्याचे परिणाम होत. श्रवणदोष आणि कर्णनाद ही दोन्ही लक्षणे एकाच व्यक्तीत असल्यास त्रास दुहेरी होतो: जे ऐकावयास हवे ते ऐकू येत नाही आणि जे नको ते थांबत नाही.

कर्णनाद कसा निर्माण होतो

अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेस कॉक्लिया म्हणतात. तिला अडीचच्या आसपास वेढे असून तिची लांबी सुमारे ३५ मिलिमीटर असते. तिच्यात आतील केसपेशी सुमारे ३,५०० आणि बाहेरील केसपेशी सुमारे १२,००० असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत-संदेशांत रूपांतर करण्याचे काम या पेशी करतात आणि ते संदेश श्रवणचेतेच्या सुमारे ३०,००० तंतूंवाटे मेंदूकडे जातात. शंखाच्या पायथ्याशी असलेल्या पेशी उच्च स्वरांना, तर टोकाकडील पेशी खालच्या स्वरांना प्रतिसाद देतात. एकदा नष्ट झालेली केसपेशी माणसामध्ये पुन्हा उगवत नाही.

केसपेशी नष्ट झाल्या की मेंदूच्या श्रवणमार्गाकडे त्या स्वरांचे संदेश येणे बंद होते. मात्र श्रवणमार्गातील चेतापेशी स्वस्थ बसत नाहीत. येणारा संदेश क्षीण झाला म्हणून त्या आपली संवेदनशीलता वाढवितात आणि त्यांची स्वयंस्फूर्त हालचालही वाढते. हीच हालचाल व्यक्तीला ध्वनीच्या रूपाने जाणवते, असे आज सामान्यतः मानले जाते. आकाशवाणीचे केंद्र लागत नसताना आवाजाचे बटण वाढवावे आणि केवळ खरखर मोठी व्हावी, तशी ही स्थिती होय. कर्णनादाचा स्वर बहुधा ज्या पट्ट्यात ऐकू येणे कमी झाले आहे त्याच पट्ट्यात असतो, ही गोष्ट या मताशी जुळते.

कर्णनादाचे मूळ केवळ कानात नाही याचा एक ठळक पुरावा शस्त्रक्रियांतून मिळाला. श्रवणचेतेवरील गाठ काढताना ती चेता कापली गेली, कान पूर्ण बहिरा झाला, तरी अनेक रुग्णांचा कर्णनाद टिकून राहिला. पॉवेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० साली मांडलेल्या प्रतिमानानुसार कर्णनादाचा त्रास किती होईल हे त्याच्या मोठेपणावर कमी आणि मेंदूतील भावना व सावधानता यांच्या केंद्रांशी त्याची किती सांगड बसली आहे यावर अधिक अवलंबून असते. म्हणूनच दोन व्यक्तींचा कर्णनाद मोजमापात सारखा असूनही एक शांत झोपते आणि दुसरी रात्र जागून काढते.

कॉक्लियर इम्प्लांटची रचना

श्रवणयंत्र आणि कॉक्लियर इम्प्लांट ही दोन भिन्न साधने आहेत. श्रवणयंत्र ध्वनी मोठा करून कानात सोडते. तो ध्वनी ग्रहण करण्यासाठी काही केसपेशी शाबूत असाव्या लागतात. कॉक्लियर इम्प्लांट केसपेशींना वगळून थेट श्रवणचेतेला विद्युत-उत्तेजन देते.

या साधनाचे दोन भाग असतात. कानामागे लावावयाच्या बाह्य भागात सूक्ष्मध्वनिग्राहक, ध्वनिसंस्कारक, बॅटरी आणि प्रेषक वेटोळे असते. कानामागील हाडात, त्वचेखाली बसविलेल्या आंतरिक भागात ग्राहक आणि विद्युतअग्रांची बारीक माळ असते. ही माळ शंखाच्या नलिकेत सरकविली जाते. प्रचलित उपकरणांत साधारणतः १२ ते २२ विद्युतअग्रे असतात. दोन्ही भाग एकमेकांना लोहचुंबकाने धरून राहतात आणि संदेश त्वचेतून बिनतारी पद्धतीने जातो.

शस्त्रक्रियेनंतर जखम भरण्यास साधारणतः तीन ते चार आठवडे दिले जातात. त्यानंतर उपकरण प्रथमच चालू करतात. प्रत्येक विद्युतअग्रास किती प्रवाह द्यावयाचा हे श्रवणतज्ज्ञ ठरवितात. या प्रक्रियेस मॅपिंग म्हणतात आणि पहिल्या वर्षात ती अनेकदा करावी लागते. हजारो केसपेशींचे काम वीसएक विद्युतअग्रांवर सोपविले जात असल्याने आरंभी आवाज यांत्रिक, चिरका किंवा अनोळखी वाटतो. सरावाने मेंदू त्याचा अर्थ लावू लागतो.

इतिहास

विजेच्या प्रवाहाने कानात आवाज उमटतो हे आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० च्या सुमारास स्वतःच्या कानांवर प्रयोग करून नोंदविले. त्यांना काही दाट पदार्थ उकळत असल्यासारखा आवाज ऐकू आला. श्रवणचेतेजवळ विद्युतअग्र बसविण्याचा पहिला प्रयत्न १९५७ साली पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी केला. १९६१ मध्ये लॉस एंजेलिस येथे विल्यम हाउस यांनी शंखात विद्युतअग्र बसविले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक विद्युतअग्रांचे उपकरण प्रथम बसविले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८४ मध्ये एकाग्र आणि १९८५ मध्ये बहुअग्र उपकरणास मान्यता दिली. २०१३ चा लास्कर पुरस्कार ग्रॅम क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि ब्लेक विल्सन यांना या संशोधनासाठी मिळाला.

कर्णनादावरील परिणाम हा आरंभी हेतू नव्हता. तो आनुषंगिक शोध होता. हाउस यांच्या पहिल्या रुग्णांपैकी काहींनी उपकरण चालू असताना कानातील आवाज कमी होतो असे आपणहून सांगितले आणि त्यानंतर या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

कर्णनादावर होणारा परिणाम

कॉक्लियर इम्प्लांटसाठी निवडल्या जाणाऱ्या प्रौढांपैकी बहुसंख्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच कर्णनाद असतो. निरनिराळ्या अभ्यासांत हे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशापासून ८६ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात दोन्ही कानांनी बहिऱ्या असलेल्या आणि एका कानात इम्प्लांट बसविलेल्या प्रौढांवरील अभ्यास एकत्र तपासले गेले. त्याचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे होते:

• कर्णनाद पूर्णपणे थांबला: ८ ते ४५ टक्के
• कर्णनाद कमी झाला: २५ ते ७२ टक्के
• काहीच फरक पडला नाही: ० ते ३६ टक्के
• कर्णनाद वाढला: ० ते २५ टक्के
• पूर्वी कर्णनाद नव्हता, तो नव्याने सुरू झाला: ० ते १० टक्के

या आकड्यांतील अंतर मोठे आहे. अभ्यासांतील रुग्णसंख्या लहान असणे, कर्णनाद मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असणे आणि रुग्णांचा बहिरेपणाचा काळ भिन्न असणे ही त्याची कारणे होत. तथापि दिशा एकच दिसते. सुधारणा होणाऱ्यांची संख्या बिघाड होणाऱ्यांपेक्षा बरीच अधिक आहे, परंतु कोणत्या रुग्णास कोणता परिणाम होईल हे शस्त्रक्रियेपूर्वी खात्रीने सांगता येत नाही.

एकाच कानात इम्प्लांट बसविले असता दुसऱ्या कानातील कर्णनादही कमी झाल्याची उदाहरणे आहेत. उपकरण बंद केल्यावर, म्हणजे प्रामुख्याने रात्री झोपताना, कर्णनाद पुन्हा जाणवू लागतो. काहींना तो लगेच, तर काहींना काही मिनिटांनी किंवा तासांनी परत येतो.

परिणामाची कारणे

कर्णनाद कमी होण्याची चार कारणे सांगितली जातात आणि ती परस्परपूरक आहेत.

१. आच्छादन: उपकरणामुळे बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात आणि त्यांच्या गर्दीत कर्णनाद झाकला जातो. दिवसा बाजारात न जाणवणारे घड्याळाची टिकटिक रात्री ऐकू यावी, त्याच्या उलट ही क्रिया आहे.

२. चेतेचे थेट उत्तेजन: श्रवणचेतेला मिळणाऱ्या विद्युतस्पंदांनी तिची अनियमित स्वयंस्फूर्त हालचाल बदलते. काही व्यक्तींमध्ये ऐकू येणार नाही इतक्या सौम्य उत्तेजनानेही कर्णनाद घटतो, म्हणून केवळ आच्छादन हे कारण पुरेसे ठरत नाही.

३. मेंदूची पुनर्रचना: संदेश पुन्हा येऊ लागल्याने श्रवणमार्गाने वाढविलेली संवेदनशीलता हळूहळू खाली येते. याला आठवडे किंवा महिने लागतात. उपकरण बंद केल्यावरही काही काळ आराम टिकतो, त्याचे स्पष्टीकरण यातून मिळते.

४. मानसिक परिणाम: संभाषण शक्य झाल्याने एकाकीपणा व चिंता कमी होते आणि आवाजाकडे लागलेले लक्ष दुसरीकडे वळते.

एका कानाचे बहिरेपण

एक कान चांगला असणाऱ्या व्यक्तीस पूर्वी कॉक्लियर इम्प्लांटसाठी पात्र मानले जात नसे. बेल्जियममधील अँटवर्प येथे पॉल व्हान दे हेनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कानाने बहिऱ्या झालेल्या आणि त्याच कानातील असह्य कर्णनादाने ग्रस्त अशा रुग्णांवर हा उपचार केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ० ते १० या मापावर कर्णनादाचे सरासरी मोठेपण शस्त्रक्रियेपूर्वी ८.५ होते. ते दोन वर्षांनंतर उपकरण चालू असताना २.५ पर्यंत उतरले. या अभ्यासात रुग्ण वीसएकच होते, तरी कर्णनाद हेच प्रमुख कारण मानून केलेला हा एक महत्त्वाचा प्रयत्न ठरला. अमेरिकेत २०१९ साली एका कानाच्या बहिरेपणासाठी इम्प्लांटला मान्यता मिळाली. मात्र ती श्रवणदोषासाठी आहे, केवळ कर्णनादासाठी नव्हे. ऐकणे चांगले असताना निव्वळ कर्णनाद घालविण्यासाठी ही शस्त्रक्रिया केली जात नाही.

गिरणगावातील श्रवणदोष

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी ताडदेव येथे उभारली. तिची स्थापना १८५४ ची असून उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी आणि दादर या पट्ट्यात गिरण्या वाढल्या आणि हा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला. गिरणीतील सर्वांत गोंगाटाचा विभाग म्हणजे विणाईचे साचेखाते. प्रत्येक साच्यावर धोटा मिनिटाला शेकडो वेळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जाई. असे शेकडो साचे एकाच छपराखाली चालत. धोट्याच्या साच्यांच्या खात्यांत आवाजाची पातळी ९५ ते १०० डेसिबल आणि क्वचित त्याहूनही अधिक असल्याचे जगभरच्या मोजणींत आढळले आहे. अशा खात्यात बोलणे ऐकू येत नाही; खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून काम भागवावे लागते. इंग्लंडमधील लँकेशायरच्या विणकर स्त्रियांमध्ये अशा ओठवाचनाची एक स्वतंत्र बोलीच तयार झाली होती.

भारतातील कारखाना-नियमांनुसार ९० डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, ९५ डेसिबलमध्ये ४ तास आणि १०० डेसिबलमध्ये २ तास अशी मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व अनेक देशांच्या शिफारशी याहून कडक असून त्यांत ८ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा धरली जाते. साचेखात्यात पूर्ण पाळी काढणाऱ्या कामगाराच्या कानावर या मर्यादेच्या कितीतरी पट भार पडत असे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश अधिसूचित रोगांत करण्यात आला होता.

मोठ्या आवाजाची इजा प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या स्वरांवर होते. हा पट्टा व्यंजनांच्या स्पष्टतेसाठी महत्त्वाचा आहे. त्यामुळे स, श, फ, ख यांसारखे वर्ण प्रथम हरवतात. 'सात' आणि 'हात', 'साठ' आणि 'आठ' यांत घोटाळा होतो. आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही, ही तक्रार याच अवस्थेची आहे. कर्णनाद बहुधा याच काळात सुरू होतो. कित्येकदा तो श्रवणदोषाच्या आधीच लक्षात येतो, परंतु गिरणीत काम करणारा मनुष्य 'साच्याचा आवाज डोक्यात बसला' म्हणून त्याकडे दुर्लक्ष करी.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यानंतर बहुतेक गिरण्या टप्प्याटप्प्याने बंद पडल्या. गोंगाट थांबला, पण इजा भरून आली नाही. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार २०२० च्या दशकात साठीच्या उत्तरार्धात आहे. आवाजाने झालेल्या जुन्या इजेत आता वार्धक्याच्या श्रवणदोषाची भर पडते. लालबाग-परळच्या चाळींत आणि गिरणी कामगारांच्या नव्या घरांत राहणाऱ्या या पिढीत कर्णनादाची तक्रार आढळण्याचे हे एक कारण होय.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. केवळ आवाजामुळे होणारा श्रवणदोष सहसा अतितीव्र पातळीपर्यंत जात नाही. अशा बहुसंख्य व्यक्तींसाठी योग्य साधन श्रवणयंत्र हेच असते आणि त्यानेही कर्णनाद बऱ्याच अंशी सुसह्य होतो. श्रवणयंत्राचा पुरेसा उपयोग होत नाही अशा थोड्या व्यक्तींचाच विचार इम्प्लांटसाठी केला जातो.

औषधांमुळे येणारे बहिरेपण

मध्य मुंबईच्या दाट वस्तीशी निगडित असे श्रवणदोषाचे दुसरे कारण क्षयरोगाच्या उपचारांत आहे. शिवडी येथील महानगरपालिकेचे क्षयरोग रुग्णालय हे देशातील मोठ्या क्षयरोग रुग्णालयांपैकी एक आहे. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन आणि अमिकासिन या गटातील इंजेक्शने क्षयरोगावर गुणकारी असली तरी ती केसपेशींना विषारी ठरू शकतात. बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोगात ती महिनोन्महिने द्यावी लागत. कानात आवाज येऊ लागणे ही अनेकदा इजेची पहिली सूचना असते आणि त्या वेळी तपासणी न झाल्यास दोन्ही कानांचे बहिरेपण कायमचे राहू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कॅनामायसिन व कॅप्रिओमायसिन ही औषधे या रोगासाठी वापरू नयेत असे सांगितले आणि तोंडाने घ्यावयाच्या औषधांवर भर दिला.

या प्रकारच्या बहिरेपणात केसपेशी नष्ट होतात, परंतु श्रवणचेता बहुधा शाबूत असते. त्यामुळे तीव्र बहिरेपण आलेल्या अशा रुग्णांना कॉक्लियर इम्प्लांटचा उपयोग होऊ शकतो. रोगातून वाचलेली, पण तरुण वयात ऐकणे गमावून कर्णनादासह राहणारी व्यक्ती हे या उपचाराच्या गरजेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणावे लागेल.

मुंबईतील संस्था व शासकीय योजना

परळ येथील राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, अर्थात के.ई.एम., आणि त्यास संलग्न सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासून कार्यरत आहेत. या महाविद्यालयाचे गुणश्री प्राध्यापक डॉ. मिलिंद कीर्तने यांचे भारतातील कॉक्लियर इम्प्लांट शस्त्रक्रियेच्या प्रसारात मोठे योगदान आहे. त्यांना २०१४ साली पद्मश्री पुरस्कार प्रदान करण्यात आला. मुंबई सेंट्रल येथील नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात श्रवणशास्त्र व वाचा-उपचाराचे शिक्षण १९६० च्या दशकापासून दिले जाते. वांद्रे येथे ९ ऑगस्ट १९८३ रोजी स्थापन झालेली, महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण दिव्यांगत्वाच्या क्षेत्रात शिक्षण, तपासणी व पुनर्वसन यांचे कार्य करते.

केंद्र शासनाच्या सहायक साधने योजनेत २०१४ साली सुधारणा होऊन कॉक्लियर इम्प्लांटसाठी प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. वांद्रे येथील उपरोक्त संस्था तिची मध्यवर्ती यंत्रणा आहे. ही तरतूद बालकांसाठी आहे. जन्मतः बहिऱ्या बालकास लहानपणीच इम्प्लांट मिळाले तर ते बोलू शकते. उशीर झाल्यास ती संधी जाते. त्यामुळे हा अग्रक्रम समजण्याजोगा आहे. परंतु त्याचा परिणाम असा की प्रौढपणी बहिरे झालेल्या आणि कर्णनादाने त्रस्त व्यक्तींना हा खर्च प्रामुख्याने स्वतः किंवा धर्मादाय साहाय्यातून करावा लागतो. निवृत्त कामगाराच्या कुटुंबासाठी काही लाखांची ही रक्कम फार मोठी आहे. शिवाय बॅटरी, बाह्य भागांची दुरुस्ती आणि काही वर्षांनी ध्वनिसंस्कारक बदलणे यांचा खर्च आयुष्यभर राहतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत संभाषणाच्या स्वरांमध्ये ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती बधिर, तर ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती कमी ऐकू येणारी मानली जाते. कर्णनादाचे मोजमाप या व्याख्येत येत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीचे मूल्यमापन

कर्णनाद असलेल्या रुग्णाच्या मूल्यमापनात श्रवणालेख, शब्द ओळखण्याची चाचणी, श्रवणयंत्र लावून घेतलेली चाचणी, सीटी व एमआरआय प्रतिमा यांचा समावेश असतो. कर्णनादामुळे होणारा त्रास मोजण्यासाठी १९९६ साली तयार झालेली २५ प्रश्नांची टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिचे गुण ० ते १०० असतात: १६ पर्यंत नगण्य, १८ ते ३६ सौम्य, ३८ ते ५६ मध्यम, ५८ ते ७६ तीव्र आणि ७८ पासून पुढे अतितीव्र. शस्त्रक्रियेपूर्वी हे गुण नोंदविले नसतील तर नंतर सुधारणा झाली की नाही हे केवळ आठवणीवर ठरवावे लागते.

नाडीच्या ठोक्याबरोबर ऐकू येणारा आवाज, एकाच कानातील नवीन कर्णनाद किंवा अचानक आलेले बहिरेपण ही लक्षणे स्वतंत्र तपासणीची आहेत. त्यांतील अचानक बहिरेपण ही तातडीची बाब मानली जाते.

धोके व मर्यादा

शस्त्रक्रियेने त्या कानातील उरलीसुरली नैसर्गिक श्रवणशक्ती कमी किंवा नष्ट होऊ शकते. हा निर्णय बहुधा मागे घेता येत नाही. तात्पुरती चक्कर, चव बदलणे, जखमेचा संसर्ग, चेहऱ्याच्या चेतेस इजा आणि उपकरणात बिघाड हे अन्य संभाव्य धोके होत. मेंदुज्वराचा धोका किंचित वाढत असल्याने न्यूमोकॉकसविरोधी लस देण्याची शिफारस आहे. आतील लोहचुंबकामुळे एमआरआय करताना विशेष काळजी घ्यावी लागते.

शस्त्रक्रिया आणि उपकरण चालू करणे यांमधील आठवड्यांत काही रुग्णांचा कर्णनाद वाढतो. नैसर्गिक श्रवण गेलेले आणि विद्युतश्रवण अद्याप सुरू न झालेले अशी ही मधली अवस्था असते. तिची पूर्वकल्पना नसल्यास रुग्ण व कुटुंबीय शस्त्रक्रिया फसली असे समजतात. बहुतेकांमध्ये उपकरण सुरू झाल्यावर ही वाढ ओसरते.

पुनर्वसन व अन्य उपचार

इम्प्लांटनंतर श्रवणप्रशिक्षण आवश्यक असते. प्रौढांसाठी हा सराव मातृभाषेतून झाल्यास अधिक उपयोगी ठरतो. मराठीत अल्पप्राण आणि महाप्राण व्यंजनांचा भेद अर्थ बदलतो: 'काल' आणि 'खाल', 'पळ' आणि 'फळ', 'डाळ' आणि 'ढाळ' अशा जोड्या ओळखण्याचा सराव दिला जातो. ल आणि ळ, न आणि ण यांतील फरकही असाच कष्टसाध्य असतो. घरातील व्यक्तीने समोर बसून, सावकाश आणि नेहमीच्या स्वरात बोलणे हा या सरावाचाच भाग होय.

कर्णनाद समूळ नाहीसा करणारे औषध उपलब्ध नाही. अमेरिकन कर्णनासाघसातज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत श्रवणदोष असल्यास श्रवणयंत्राचा विचार आणि त्रासदायक कर्णनादासाठी संज्ञानात्मक वर्तनोपचार यांची शिफारस आहे. त्याच तत्त्वांत जिंकगो बिलोबा व आहारपूरक गोळ्या सुचवू नयेत असे म्हटले आहे. रात्री पंख्याचा किंवा आकाशवाणीचा मंद आवाज ठेवल्याने अनेकांना आराम वाटतो. इम्प्लांट वापरणाऱ्या व्यक्तीने झोपताना बाह्य भाग काढून ठेवलेला असल्याने तिला हा उपाय लागू पडत नाही. अशा व्यक्तींसाठी झोपण्यापूर्वी उपकरण लावून मंद आवाज काही वेळ ऐकणे आणि विश्रांतीच्या पद्धती शिकणे हे मार्ग सुचविले जातात.

प्रतिबंध

कर्णनादावर उपचार करण्यापेक्षा कानाची इजा टाळणे सोपे आहे. गिरण्या गेल्या, तरी मध्य व दक्षिण मुंबईतील गोंगाट गेलेला नाही. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आणि शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. गिरगाव, लालबाग आणि दादर येथील उत्सवांच्या मिरवणुकांत ढोल-ताशा व ध्वनिक्षेपकांचा आवाज ही मर्यादा अनेकदा ओलांडतो. पथकात वाजविणारे तरुण, वाहतूक पोलीस आणि ध्वनिक्षेपकाशेजारी उभे राहणारे कार्यकर्ते यांना प्रेक्षकांपेक्षा धोका अधिक असतो. कार्यक्रमानंतर काही तास कान वाजत राहणे ही केसपेशींवर ताण आल्याची खूण आहे. कानात घालावयाची साधी बोंडे आवाज १५ ते ३० डेसिबलने कमी करतात. सध्या कोणत्याही शस्त्रक्रियेने परत आणता न येणाऱ्या केसपेशी एवढ्या अल्प साधनाने वाचू शकतात.